चौथीतला मुलगा, डीसीडी आणि सोलापूरचा विजापूर रोड: एकट्याला रस्ता ओलांडू द्यावा का?

सैफुलची_आई

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. डोक्यानं तल्लख. सिद्धेश्वर आणि हुतात्मा एक्सप्रेसची सगळी स्टेशनं वेळेसकट पाठ आहेत. पण शर्टाची बटणं लावताना रडकुंडीला येतो, बुटाची नाडी आम्हीच बांधतो, फेकलेला चेंडू छातीवर आदळल्यावर त्याचे हात वर येतात. सपाट फरशीवर अडखळतो. डोळे तपासून झाले, व्यवस्थित आहेत. बालरोगतज्ज्ञांनी पुढे पाठवलं आणि बऱ्याच तपासण्यांनंतर डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर (शरीराच्या हालचालींचा मेळ न बसणं), म्हणजे डीसीडी, असं निदान झालं. थेरपी सुरू आहे, धागा त्यासाठी नाही.

प्रश्न रस्त्याचा आहे. त्याचा क्लास विजापूर रोडच्या पलीकडे. त्याच्याच वर्गातली दोन पोरं एकटी जातात. सासूबाई म्हणतात, "अजून किती दिवस बोट धरून नेणार? अशानं घाबरट होईल." नवऱ्याचं नेहमीप्रमाणे दोघींनाही "बरोबर आहे". मला मात्र धास्ती वाटते. गाडी लांब आहे की जवळ याचा त्याला अंदाजच येत नाही. थांबायचं तिथे निघतो, निघायचं तिथे थांबतो. हे माझ्या मनाचे खेळ आहेत, की डीसीडीचा आणि रस्त्याचा खरंच काही संबंध आहे? तुम्ही आपापल्या मुलांना कधी सोडलंत?

कडकभाकरी

विजापूर रोड मला अजून एकट्यानं ओलांडता येत नाही. वय वर्षे सेहेचाळीस. प्रतिसादांची वाट बघतो.

मंगळवारपेठी

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही दुसरीपासून मंगळवार पेठेतून बाळीवेशीतून चालत शाळेत जायचो. कुणी बोट धरलं नाही आणि कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. वेंधळी पोरं तेव्हाही होती. दोनदा पडली, तिसऱ्यांदा शिकली. हल्ली प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव मिळतं आणि मग ते पोर आयुष्यभर त्या नावाचं होऊन बसतं. मोबाईल काढून घ्या, मैदानावर सोडा, आपोआप जमेल.

हुरडा_पार्टी

काका, तुमच्या वेळी बाळीवेशीत टांगे आणि सायकली होत्या. आता एकदा सायंकाळी जाऊन बघा. मग दुसरीतल्या पोराला सोडा.

कडकभाकरी

टांग्याच्या घोड्याला निदान समोरचं दिसायचं.

थेरपिस्ट_मुक्ता

मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात लहान मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमवायला मदत करणारी थेरपी) करते. सैफुलची_आई, मनाचे खेळ नाहीत. संबंध आहे.

आधी मंगळवारपेठी काकांसाठी. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये डीसीडीचं प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के धरलं जातं. म्हणजे पन्नासच्या वर्गात दोन-तीन मुलं. तुमच्याही वर्गात ती होती, फक्त त्यांना "बावळट", "धांदरट", "हातात काही ठरत नाही" असं म्हणायचे. बुद्धी कमी नसते, स्नायू अधू नसतात, नजर ठीक असते. शरीराची हालचाल ठरवणं, वेळेत सुरू करणं आणि चालू असताना तिच्यात दुरुस्ती करणं हे इतरांना सरावानं अंगवळणी पडतं, तसं या मुलांना पडत नाही. अनेकांच्या बाबतीत एडीएचडीही (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) सोबत असतो. "मोठा झाल्यावर सुटेल" हेही निम्म्याहून जास्त जणांच्या बाबतीत खरं ठरत नाही; मोठेपणी त्रासाचं स्वरूप बदलतं, एवढंच. आणि दोनदा पडून तिसऱ्यांदा शिकायची सोय मैदानावर आहे, हायवेवर नाही.

आता रस्ता. ओलांडणं म्हणजे नुसतं "इकडे-तिकडे बघ" नाही. गाडी किती वेळात इथवर येईल, मला पलीकडे जायला किती वेळ लागेल, या दोन अंदाजांची तुलना करायची आणि ठरल्या क्षणी पाय उचलायचा. डीसीडीची मुलं यातल्या प्रत्येक टप्प्यावर अडखळू शकतात. गाडीचा वेग ओळखण्यावर तर स्वतंत्र संशोधन झालंय, पण तो माझा प्रांत नाही. मागोवा, आहात का इथे?

मागोवा

आहे. हाक मारलीत म्हणून सविस्तर लिहितो.

लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात जॉन वॉन, डेमियन पोल्टर आणि कॅथरिन पर्सेल यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांवर प्रयोग केले, निष्कर्ष २०११ मध्ये आले. समोरून येणारी गाडी "येतेय" हे आपल्याला कळतं ते तिची डोळ्यातली प्रतिमा मोठी होत जाते म्हणून. आता हिशोब करा. गाडी तुमच्यापासून पाच सेकंदांवर आहे. वेग ताशी ३० किमी असेल तर ती सुमारे ४२ मीटरवर असते, वेग ६० असेल तर ८३ मीटरवर. वेळ तितकाच, पण वेगातली गाडी दुप्पट लांब, म्हणून लहान दिसते आणि तिचं मोठं होणंही त्या घडीला फार कमी जाणवतं. म्हणजे जी जास्त घातक, तीच उभी असल्यासारखी वाटते!

त्यांना आढळलं असं, की पाच सेकंदांवरची गाडी ताशी सुमारे ३२ किमीपेक्षा वेगात असली तर ती येतेय हे प्राथमिकच्या मुलांना खात्रीनं ओळखता येत नाही. मोठी माणसं ताशी ८० किमीच्या आसपासपर्यंत ओळखतात. ही झाली सर्वसाधारण मुलं. त्याच गटानं नंतर डीसीडी असलेल्या मुलांना तपासलं, तर त्यांची ही जाण बरोबरीच्या मुलांपेक्षाही कमी भरली.

तेव्हा तुमचा मुलगा "बघत नाही" असं नाही. तो बघतो, आणि त्याला रस्ता खरोखर मोकळा दिसतो. "नीट बघ" असं शंभरदा बजावून हे सुटणारं नाही.

मंगळवारपेठी

हे प्रयोग कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाले असणार. पडद्यावरची गाडी आणि खरी गाडी एक नव्हे. खऱ्या गाडीला आवाज असतो, हॉर्न असतो, धूळ असते. आणि विलायतेतला निकाल सोलापूरला कसा लावायचा? इथली पोरं गर्दीतच वाढतात, तयार असतात.

मागोवा

पडद्यावरच झाले, आक्षेप रास्त आहे. पण पोरांना खऱ्या गाडीपुढे उभं करून कोण बघणार? म्हणून पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात जोडी प्लमर्ट यांच्या गटानं आभासी रस्त्यावर मुलांना प्रत्यक्ष चालायला लावलं. त्यात जे दिसलं ते मला जास्त बोलकं वाटतं. लहान मुलं दोन गाड्यांमधली फट निवडतात मोठ्यांसारखीच, पण पाऊल उचलायला उशीर करतात. निर्णय बरोबर, निघणं उशिरा, त्यामुळे पलीकडे पोचेपर्यंत गाडी अंगावर. सहा वर्षांची मुलं सगळ्यांत जास्त चुकली, हळूहळू सुधारत चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती मोठ्यांच्या बरोबरीला आली. यात आता डीसीडीवाल्या मुलाचं मुळातलंच उशिरा निघणं मिळवा.

सोलापूरला तसाच्या तसा निकाल लागू होत नाही, कबूल. इथे तो आणखी वाईट असेल. तिकडच्या प्रयोगात गाड्या आपल्या लेनमधून, ठरल्या दिशेनं येतात.

कडकभाकरी

आणि आपल्याकडे डावीकडून, उजवीकडून, फुटपाथवरून, आणि गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत वरूनही.

डावखुरी

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहावंसं वाटलं. मला तिशीत कळलं की माझ्या आयुष्यभराच्या धडपडण्याला डिस्प्रॅक्सिया म्हणतात, म्हणजे तुमचा डीसीडीच. लहानपण सोलापुरातच गेलं. पीटीच्या तासाला सगळ्यांसमोर दोरीच्या उड्या मारायला लावून हसवणूक करणारे सर अजून आठवतात. शाळेचं नाव घेत नाही.

रस्त्याबद्दल सांगते. मला गाडी दिसते, पण ती कधी येणार याचा आकडा डोक्यात उमटत नाही. आत्ता निघू की नको, यात फट निघून जाते, आणि मग मागून कुणीतरी "अहो चला की" म्हणालं की मी भलत्याच वेळी निघते. सगळ्यात वाईट म्हणजे मधोमध गेल्यावर विचार बदलणं. लग्नाआधी मी सात रस्त्याला कायम कुणातरी अनोळखी बाईच्या पडछायेत ओलांडायची. ती निघाली की मी निघायची. बाई घाईची निघाली तर देवच राखायचा.

आता नियम केलाय. सिग्नल असेल तिथेच ओलांडायचं, मग अर्धा किलोमीटर चालावं लागलं तरी चालेल. बोलत ओलांडायचं नाही, फोन तर नाहीच. हातात दोन पिशव्या असतील तर सरळ रिक्षा. लोक हसतात, हसू देत. सैफुलची_आई, मुलाला "घाबरट" म्हणू देऊ नका. त्याची भीती त्याला वाचवतेय.

सैफुलची_आई

डावखुरी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. "मधोमध गेल्यावर विचार बदलणं" ऐकून लेक आतून ओरडला, "मी पण!" आम्ही बघतच राहिलो. त्याला असं होतं हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मागोवा

डावखुरी, हे असं कुणी लिहावं म्हणूनच धागे वाचतो. केट विलमट आणि पर्सेल यांनी डीसीडी असलेल्या मोठ्या माणसांना आणि अशा मुलांच्या पालकांना रस्ता ओलांडण्याबद्दल हेच विचारलं होतं, तो लेख २०२० मध्ये आला. मोठ्यांनी वेगाचा आणि अंतराचा अंदाज येत नसल्याचं सांगितलं, पालकांनी मुलांना धोक्याची जाणीव कमी असल्याचं. बऱ्याच जणांनी आपापली जागा आणि पद्धत ठरवून घेतलेली होती, तुमच्यासारखीच.

रिक्षा_१३

मी शाळेची रिक्षा चालवतो. पुस्तकातलं मला कळत न्हाई, पण बगा, ओलांडायच्या आधीचं कुणी बोलायलंच न्हाई. पोरगं उतरतंय कुठं ते बगा आदी. आई पलीकडं हुबी ऱ्हाती, हात करती, "ये ये बाळा" म्हणती. पोरगं उतरलं की रिक्षाच्या पुढनं तसंच पळत सुटतंय. त्याला आई दिसती, गाडी कशाला दिसंल? आनि मागनं येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला रिक्षाआड पोरगं दिसत न्हाई. असं हुता हुता ऱ्हायलेलं लई बगितलंय.

म्हनून मी नेम केला. पालक ज्या बाजूला हुबं, त्याच बाजूला रिक्षा वळवून आणनार. पाच मिनटं जास्त जात्यात, पेट्रोल जातंय, पर मी ऐकत न्हाई. काई आया मलाच भांडत्यात, उशीर हुतोय म्हनून. भांडू द्या की.

थेरपिस्ट_मुक्ता

रिक्षा_१३ दादा, तुमचा प्रतिसाद छापून शाळाशाळांत लावला पाहिजे.

हुरडा_पार्टी

+१. पलीकडून हाक मारणं आजपासून बंद.

माढ्याचा_ऊस

आमच्याकडची भर घालतो. कारखाने सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर हळू असतो, म्हणून पोराला वाटतं वेळ आहे. पण त्याच्या आडून ओव्हरटेक करणारी दुचाकी सुसाट येते आणि ती ट्रॉली संपेपर्यंत दिसतच नाही. मागोवांनी सांगितलेला हिशोब दिसणाऱ्या गाडीचा आहे, न दिसणारीचं काय? रात्री तर ट्रॉलीला रिफ्लेक्टरही नसतो, असला तरी चिखलानं माखलेला. मागे फाटकं पोतं बांधलं की झालं, अशी समजूत.

मागोवा

दुचाकीचा मुद्दा महत्त्वाचा. अरुंद असल्यामुळे तिची प्रतिमा मुळातच लहान, आणि अंधारात एकच दिवा. रॉयल हॉलोवेच्या त्या गटाला मोठ्यांच्या बाबतीतही आढळलं की कमी उजेडात मोटरसायकलचा वेग ओळखताना अंदाज जास्त चुकतो. दिव्याजवळ आणखी दोन लहान दिवे लावल्यावर तो सुधारला. आपल्या शहरात निम्म्याहून जास्त रहदारी दुचाक्यांचीच दिसते, म्हणजे बघा.

मेंदू_विकास_वर्ग

नमस्कार. अशा मुलांसाठी आमच्याकडे मेंदूचे दोन्ही भाग जोडणारे खास व्यायाम आहेत. एकवीस दिवसांत फरक. व्यनि (खासगी निरोप) करा.

थेरपिस्ट_मुक्ता

एकवीस दिवसांत सोलापूरला चारदा पाणी येतं, तेवढाच फरक.

गंभीरपणे सांगायचं तर डीसीडीसाठी २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींचा रोख स्पष्ट आहे: जे काम जमवायचंय, त्याच कामाचा सराव. सायकल जमवायची तर सायकलवर. चेंडूवर उभं राहून तोल सांभाळल्यानं रस्ता ओलांडता येत नाही.

कॅनडात हेलीन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी या मुलांसाठी एक पद्धत बसवली, को-ऑप म्हणतात. मूल स्वतः ठरवतं काय जमवायचंय, कसं करायचं याचा बेत स्वतः सांगतं, करून बघतं, आणि मग बेत चालला का ते तपासतं. आपण फक्त विचारायचं. "तुला कुठून दूरपर्यंत दिसतं?" "त्या थांबलेल्या टेम्पोमागे काय असेल?" उत्तर त्याचं असलं पाहिजे. आपण "थांब, चल, पळ" ओरडत राहिलो तर तो आपला आवाज ऐकायला शिकतो, रस्ता वाचायला नाही.

गुरुजी_उत्तर_सोलापूर

शाळेच्या बाजूनं लिहितो, थोडं अवांतर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण दिव्यांगत्वाच्या दाखल्याच्या वेळी तपासलं जातं ते मुख्यतः वाचन, लेखन, गणित. नुसत्या हालचालींच्या अडचणी असलेलं मूल त्यातून निसटतं. वर्गात अशी मुलं ओळखायला दोनच जागा पुरतात: पोषण आहाराची रांग आणि दप्तर भरायची वेळ. ताट सांडणारं आणि सगळ्यात शेवटी वर्गाबाहेर पडणारं मूल कोणतं, एवढं बघा. शाळा सुटल्यावर हेच मूल घाईत धावतं, कारण सोबतची पुढे गेलेली असतात.

मी त्यांना पाच मिनिटं आधी सोडतो. वरिष्ठांना पटत नाही.

जुळे_सोलापूर_मम्मी

दाखला कुठे मिळतो? माझ्या मुलीला लेखनाचाही त्रास आहे.

गुरुजी_उत्तर_सोलापूर

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरायचा. आधी सिव्हिलला जाऊन चौकशी करा, निघताना सगळे जुने रिपोर्ट सोबत घ्या.

जुळे_सोलापूर_मम्मी

धन्यवाद. अजून एक. चालण्याचं सगळे बोलताहेत, पण आमची तर स्कूटीवर मागे बसल्यावरही कलंडते. वळणावर मला घट्ट धरायचं तिच्या लक्षातच येत नाही.

थेरपिस्ट_मुक्ता

चांगला प्रश्न. तोल सावरायला उशीर होणाऱ्या मुलांना मागची सीट अवघडच. पाय फूटरेस्टवर टेकत नसतील तर आधी ते बघा. दप्तर मुलीच्या पाठीवर नको, ते मागे ओढतं. वळणाआधी "धर" म्हणायची सवय लावा. पुढे उभं करून तर अजिबात नेऊ नका. आणि हेल्मेट. कायद्यानं चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्यालाही. चारखालच्यांना चालकाशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सोलापुरात तो पट्टा कुणी बघितलाय का?

कडकभाकरी

सोलापुरात हेल्मेट आरशाला अडकवायची वस्तू आहे. पट्टा कशाला अडकवायचा ते कळलं की वापरू.

मंगळवारपेठी

सगळं वाचलं. नावं चिकटवण्याबद्दलचं माझं मत तेच आहे. पण वेगाचा हिशोब पटला. नातू वाड्यासमोर खेळतो, तिथे पोरं गाड्या उडवत जातात. गतिरोधकासाठी अर्ज देतो.

माढ्याचा_ऊस

काका, गतिरोधक नको, त्यावर पांढरे पट्टे कोण मारणार? आमच्या गावात रात्री त्यावरूनच दोघं पडले.

मागोवा

जागतिक आरोग्य संघटना माणसं आणि वाहनं एकत्र असतात तिथे ताशी ३० ची मर्यादा सुचवते, ती उगाच नाही. मुलांच्या ओळखण्याच्या मर्यादेजवळच येते. रस्ता अरुंद केला की वेग आपोआप उतरतो, अरुंद केलेल्या कोपऱ्यांनी उतरतो. पट्टे मारलेला उंचवटाही चालेल. विनापट्ट्याचा नको, यावर माढ्याशी सहमत.

सैफुलची_आई

सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं ते लिहिते. क्लासच्या रस्त्यावर सध्या एकटं नाही. सिग्नलच्या चौकापर्यंत चालत जायचं, वाट लांब पडली तरी. बेत तो सांगणार, आम्ही एक पाऊल मागे, हात न धरता, पण हाताच्या अंतरावर. गल्लीतला दुकानापर्यंतचा रस्ता मात्र त्याला एकट्याला दिलाय, तिथे गाड्या हळू असतात. सासूबाईंना हे "एकट्यानं" जरा पटलं. "किती वर्षांचा झाल्यावर" हा माझा प्रश्न मी मागे घेते. वर्गातली ती दोन पोरं एकटी जातात, तेही आता मला फारसं बरं वाटत नाहीये. त्यांच्या आयांशी बोलणार आहे.

मुक्ताताई, त्यानं स्वतः सुचवलेलं एक: "ट्रक गेला की लगेच नाही निघायचं, मागचं दिसेपर्यंत थांबायचं." बरोबर आहे ना?

थेरपिस्ट_मुक्ता

अगदी बरोबर. माढ्याच्या उसाच्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं की!

डावखुरी

त्याला माझ्याकडून एक. सिग्नल हिरवा झाला तरी पहिल्या लोंढ्यात निघायचं नाही, लाल तोडून येणारे तेव्हाच येतात. पण वेळ निम्मा उरला असेल तर पुढच्या हिरव्याची वाट बघायची. उभं राहायला लाज नाही.

जुळे_सोलापूर_मम्मी

सायकलीचं काय? नऊ वर्षांच्या मुलानं सायकल केव्हा शिकावी?

कडकभाकरी

वेगळा धागा काढा. इथे आधीच ट्रॅक्टर, स्कूटी आणि घोडा आहे.

रिक्षा_१३

ताई, तुमचा क्लास विजापूर रोडला नक्की कुटं? माझी दुपारची फेरी आसऱ्याहून त्याच बाजूनं जाती. पोराला क्लासच्या दारातच उतरवीन, ओलांडायचा प्रश्नच न्हाई. परत येतानाचं मात्र तुमाला बगावं लागंल, तवा माझी रिक्षा होटगी रोडला असती.

सैफुलची_आई

दादा, व्यनि केलाय. येतानाचं आम्ही बघतो, तो सराव त्याला हवाच आहे.